खिशातला फ्यूज

डाव्या खिशावर दोनदा थाप मारल्याशिवाय ते बोलायला सुरुवात करत नसत. शर्टाच्या त्या खिशात चिनीमातीचा पांढरा फ्यूज असायचा. थाप मारायची, तो आत आहे याची खात्री करायची आणि मग म्हणायचं, "हां ताई, बोला आता. फ्यूज माझ्याकडे आहे."

खिशाला पेन लावणारी माणसं तुम्ही पाहिली असतील, चष्मा ठेवणारी पाहिली असतील. फ्यूज बाळगणारा माणूस मीही दुसरा पाहिला नाही. कारण साधं होतं. फ्यूज त्यांच्या खिशात असला की त्यांची मुलगी पाण्यात आहे असं समजायचं. फ्यूज भिंतीवरच्या बोर्डात असला की ती पाण्याबाहेर आहे. कारण त्या पाण्यात ते वीज सोडत असत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आडगावच्या पुढे, आग्रा रोडपासून थोडी आत आमची कॉलनी होती. बहुतेक घरं ओझरच्या विमानाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांची. माझे मिस्टर तिथे स्टोअरला होते आणि फ्यूज बाळगणारे हे गृहस्थ प्लेटिंगच्या खात्यात, म्हणजे धातूवर धातू चढवण्याच्या कामात. कॉलनीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे 'प्लेटिंगवाले' म्हणायचे. मी भाऊ म्हणायचे. त्यांच्या घरामागे द्राक्षाची बाग होती, बागेची विहीर त्यांच्या कुंपणाला लागून. आमचं घर त्यांच्या समोर. त्यामुळे जे काही घडलं ते मी खिडकीतून पाहिलेलं आहे, आणि जे बिघडलं त्यात माझा हात आहे. तेही सांगणार आहे.

त्यांची मुलगी सुजाता. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, उजवा पाय गेला. नऊ वर्षांची झाल्यावर मुंबईहून येणाऱ्या एका डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन केलं. दिवाळीच्या सुमारास. प्लॅस्टर काढल्यावर डॉक्टर म्हणाले, हिला रोज तासभर छातीएवढ्या पाण्यात चालवा. पाण्यात वजन लागत नाही, स्नायू जागे होतील, गुडघा सरळ राहील. सहा महिने. यात खंड पडला तर पाय पुन्हा आखडेल.

छातीएवढं पाणी आणायचं कुठून? शहरातल्या पोहण्याच्या तलावावर गेले, तर तिथला माणूस म्हणाला, पोलिओची पोर घेतली तर बाकीचे आईबाप मुलं काढून नेतील. भाऊंनी त्याला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्याने ती न वाचताच परत दिली.

मग त्यांनी अंगणात हौद खणला. रजा टाकून स्वतः खणला. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, साडेतीन फूट खोल. एका कडेला लोखंडी पाइपचा कठडा, धरून चालायला. कॉलनीत हशा पिकला. "काय हो प्लेटिंगवाले, स्विमिंग पूल बांधताय म्हणे?" कुणी विचारलं. "हो," ते म्हणाले. "तिकिटं काढायला नंतर या."

आमच्या ओळीतल्या एका बाईंनी मला हळूच विचारलं होतं, "त्यांच्या हौदाचं पाणी सोडतात कुठे? आपल्या दारावरून नाही ना वाहत?" भाऊंच्या घरी भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. या प्रश्नाचा अर्थ मला कळला होता. मी म्हटलं, "सोडत नाहीत. तेच पाणी स्वच्छ करून वापरणार आहेत." बाईंचं समाधान झालं नाही. प्रश्न भाऊंच्याही कानावर गेला असावा. एकदा हौदाच्या काठावर बसलेले असताना ते अचानक म्हणाले, "माझा बाप गावच्या विहिरीवर ओंजळ पुढे करून उभा राहायचा, ताई. कुणी वरून ओतलं तर." एवढंच बोलले. मग उठून जाळीने पानं काढायला लागले.

विहिरीचं पाणी बागवाल्या आबांनी मोटर लावून दिलं. पण साठलेलं पाणी दोन दिवसांत हिरवं होतं. आधी ब्लीचिंग पावडर टाकून पाहिली. सुजाताची ऑपरेशनची जखम नुकती भरलेली, तिथली कातडी भाजल्यासारखी लाल झाली, वरचा पापुद्रा निघाला. पोर पाण्याला घाबरायला लागली.

तेव्हा भाऊंना मीठ सुचलं. प्लेटिंगवाल्यालाच सुचणार ते. मिठाच्या पाण्यात दोन दांड्या बुडवून वीज सोडली की एका दांडीवर क्लोरीन तयार होतो, हे त्यांना कामामुळे माहीत होतं. पावडर नको, चुना नको. जेवढा पाहिजे तेवढा क्लोरीन पाण्यातच करायचा, थोडा थोडा, रोज. वाण्याकडून खड्या मिठाचं अख्खं पोतं सायकलवर लादून आणलं.

वाणी म्हणाला, "कसलं लोणचं घालताय एवढं?"

"पोरीचं," भाऊ म्हणाले.

किती खारट करायचं, हा प्रश्न भाऊंच्या बायकोने, वहिनींनी सोडवला. बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, "आमटीएवढं झालंय. आता बास."

दांड्या लोखंडाच्या चालत नाहीत, विरघळतात. निदान एक तरी कार्बनची लागते. त्या काळी टॉकीजमध्ये सिनेमाच्या मशिनीत कार्बनच्या कांड्या जाळून उजेड करत. जळून उरलेली थोटकं फेकून देत. भाऊंनी ऑपरेटरशी ओळख काढली आणि पिशवी भरून थोटकं आणली. सगळं जोडलं, ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळलेला होता, वीज एकाच दिशेने वाहावी म्हणून त्याला डायोड लावले आणि तो सुरू केला. दुसऱ्या दिवशी सकाळी हौद निळा-हिरवा झालेला. सुंदर दिसत होता, पण भाऊंचा चेहरा उतरला. त्या कांड्यांवर तांब्याचा पातळ थर असतो. तो पाण्यात उतरला होता. ज्याने आयुष्यभर धातूवर धातू चढवला तोच हा थर काढायला विसरला.

आबा कुंपणावरून वाकून म्हणाले, "मोरचुदाचं पाणी झालं हे. फवारणीला लय भारी. टाकू का बागंला?"

"टाका," भाऊ म्हणाले, आणि खरंच सगळा हौद बागेला दिला. मग थोटकांवरचं तांबं आम्लात घालून काढलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. जानेवारीत सुजाता पुन्हा पाण्यात उतरली.

उतरण्याआधी पायरीवर थांबून ती हात पुढे करायची. "पप्पा, फ्यूज दाखवा." ते खिशातून काढून दाखवायचे. ती तो नीट बघायची, जणू रोज वेगळा असतो. मगच पाय पाण्यात. तासभर कठडा धरून इकडून तिकडे. वहिनी काठावर बसून तांदूळ निवडायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "टाच टेकव गं. नाचतेस काय?"

हे सगळं सांभाळणं सोपं नव्हतं. वीज किती वेळ सोडायची, हा रोजचा हिशोब. क्लोरीन कमी पडला तर पाणी हिरवं, जास्त झाला तर पोरीची कातडी. दुपारचं ऊन क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून हौदावर तागाची पोती शिवून अंथरलेली. दुसऱ्या दांडीच्या जागी लावलेल्या लोखंडी पट्टीवर पांढरा थर धरायचा, तो लिंबूफुलाच्या पाण्याने खरवडायचा. भाऊ पहाटे चारला उठून फ्यूज बसवायचे, सहाला काढून खिशात टाकायचे, साडेसहाला कारखान्याची बस.

आणि रोज एक बाटली माझ्याकडे. मी पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत कामाला होते. विहिरींचं, टाक्यांचं, नळाचं पाणी यायचं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात एका औषधाचे पाच थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. औषधाचं लांबलचक नाव होतं, आम्ही ओटी म्हणायचो. दिवसाला पन्नास-साठ नमुने. थेंब टाकून नळ्या ओळीने स्टँडला लावायच्या, तोवर चहा घ्यायचा, रजिस्टर ओढायचं आणि मग एका बाजूने रंग बघत लिहीत जायचं. आम्ही सगळे असंच करत होतो. ओटीची एक बाटली मी घरीही ठेवली होती. घरीसुद्धा तीच पद्धत. भाऊंची नळी खिडकीत लावायची, गॅसवरची भाजी हलवायची आणि येऊन बघायचं.

"पिवळं आलं, भाऊ."

"आलं ना? बास." खिशावर थाप मारून ते निघायचे.

त्यांची स्वतःची परीक्षा वेगळी होती. ते हात पाण्यात बुडवून नाकाला लावायचे. क्लोरीनचा तो उग्र वास आला की खूश. "वास येतोय ना, मग औषध शाबूत आहे," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. एप्रिलमध्ये वास वाढला. कॉलनीत येत होता इतका. भाऊंना वाटलं, आपण आता यात तरबेज झालो.

त्याच सुमाराला सुजाताचे डोळे लाल व्हायला लागले. अंगाला खाज. भाऊंनी मला विचारलं. नळी खिडकीत होती, चांगली पिवळीधमक. वास तर होताच. मी अजिबात विचार न करता सांगितलं, "जास्त होतोय क्लोरीन. वीज निम्मी करा."

त्यांनी केली. मी सांगितलं होतं म्हणून केली.

बाराव्या दिवशी ऑपरेशनची जखम फुटली. हिरवट पू. अंगात ताप, गुडघा फुगून लाल. हॉस्पिटलात नेली तेव्हा ती बापाला विचारत होती, "पप्पा, फ्यूज काढला होता ना?" तिला वाटलं विजेनेच झालं.

डॉक्टर फार बोलले नाहीत. पाणी कुठलं, कोण तपासतं, एवढंच विचारलं. भाऊंनी माझं नाव सांगितलं नाही. ते मला वहिनींकडून नंतर कळलं. डॉक्टर म्हणाले, जखम भरायला दोन आठवडे लागतील. भरली की लगेच पाण्यात घाला. गुडघा आखडायला लागलाय, महिन्याच्या आत सरळ करायला हवा. पण पुन्हा अशा पाण्यात घातलीत तर पाय काढावा लागेल.

दुसऱ्या दिवशी भाऊ बाटली घेऊन प्रयोगशाळेत आले. घरी ते मला ताई म्हणायचे, तिथे मॅडम म्हणाले. दाढी वाढलेली, शर्ट उलटा घातलेला. उलट्या शर्टाचा खिसा आतल्या बाजूला जातो. त्यांचा हात छातीवर फिरत होता आणि त्याला खिसा सापडत नव्हता.

"मॅडम, तुम्ही सांगाल ते करतो. फक्त सांगा. पाणी खराब आहे की माझं मशीन खराब आहे?"

मी दोन नळ्या घेतल्या. एकीत आमच्या नळाचं पाणी, एकीत त्यांचं. दोन्हींत थेंब टाकले आणि सवयीने रजिस्टरकडे वळले. भाऊ वळले नाहीत. प्लेटिंगवाला माणूस रंगावर नजर ठेवतो. रंग कधी चढतो, किती चढतो, हेच त्याचं काम. पाच मिनिटांनी मी परत आले आणि म्हटलं, "दोन्ही पिवळ्या आहेत."

"आता आहेत," ते म्हणाले. "पण मॅडम, तुमचं पाणी थेंब पडल्या पडल्या पिवळं झालं. माझं नाही झालं. माझं हळूहळू झालं."

मी खुर्चीवर बसले. हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं होतं. औषधाच्या बाटलीवरच्या कागदावरही छापलेलं होतं. दहा सेकंदांत जो रंग येतो तोच मोकळा, कामाचा क्लोरीन. नंतर सावकाश येतो तो घाणीशी बांधला गेलेला, दमलेला क्लोरीन. तो वास मारतो, डोळे झोंबवतो आणि जंतू मारायला फारसा उपयोगी पडत नाही. म्हणजे चार महिने मी भाजी हलवून येऊन जे पिवळं बघत होते ते कशाचं होतं, हे मला कुठल्याच दिवशी ठाऊक नव्हतं. आणि जेव्हा क्लोरीन वाढवायला हवा होता तेव्हा मी तो निम्मा करायला सांगितला.

"भाऊ, चूक माझी आहे," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

ते ऐकत होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलायला हवं होतं. ते म्हणाले, "बरं. मग बरोबर कसं करायचं ते सांगा."

त्या दिवशी अर्धी रजा टाकून मी त्यांच्याबरोबर निघाले. एवढी घाण कुठून आली, ते विहिरीपाशी उभं राहिल्यावर कळलं. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी होते आणि छाटणीनंतर बागेला खत. खताची पोती विहिरीच्या काठावर फोडलेली, पांढरा चुरा आत सांडलेला. उन्हामुळे पाणी तळाला गेलेलं. हौदातलं पाणी उडायचं तेवढं रोज या विहिरीतून भरलं जात होतं. त्यात वहिनी सुजाताच्या पायाला तिळाचं तेल चोळून मगच तिला पाण्यात सोडायच्या. त्या तेलाकडेही मी चार महिने बघत होते.

आबा कपाळावर हात मारून म्हणाले, "आरं, मला काय ठावं? खत पडलं तर पाणी कसदार व्हईल म्हनलं."

हौद रिकामा करावा तर मे महिन्यात दुसरं पाणी नव्हतं. कॉलनीच्या नळाला दिवसाआड अर्धा तास पाणी. टँकरवाल्याने पाऊस पडल्यावर या म्हणून सांगितलं. मग एकच रस्ता उरला. त्याच पाण्यात इतका क्लोरीन करायचा की सगळी घाण जळून जाईल आणि वर थोडा मोकळा उरेल. मी भाऊंना म्हटलं, "आधी वास फार वाढेल. मग एक दिवस अचानक जाईल. वास गेला की समजा जमलं."

"वास गेला की?" त्यांनी दोनदा विचारलं. त्या आठवड्यात त्यांना एवढीच गोष्ट पटली नाही. चार महिने ज्या वासावर विसंबले तो गेलेला बरा, हे त्यांच्या नाकाला पटेना.

पोरगी हॉस्पिटलात आणि बाप हौदापाशी. भाऊंनी रजा टाकली. भारनियमन सुरू होतं, वीज येईल तेव्हा चालवायचं. वीज आली की ते धावत जाऊन फ्यूज बसवायचे, गेली की काठावर बसून राहायचे. कांड्या झिजून पाणी काळपट व्हायचं, ते फडक्याने गाळत बसायचे. वास इतका सुटला की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. त्या ओळीतल्या बाई मला म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते." मी त्यांना विचारलं, "काय म्हणत होतात? स्पष्ट सांगा." त्या आत गेल्या. भाऊ मात्र दारोदार जाऊन हात जोडून आले. "आठ दिवस सोसा. पोरीच्या पायासाठी आहे."

पाचव्या दिवशी ट्रान्सफॉर्मर जळाला. मी ऑफिसातून आले तेव्हा ते तो मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते. लाख जळल्याचा वास त्या दुसऱ्या वासात मिसळलेला. त्यांनीच सांगितलं, "सात दिवस राहिले, ताई. आठवड्यात पोरीला सोडतील. मी तिला कशात उतरवू?"

मला सांत्वन करता येत नाही. मी म्हटलं, "तार आहे का घरात?"

तार होती. ते गुंडाळायला बसले. किती वेढे झाले ते मोजायला माणूस हवा, म्हणून वहिनी समोर बसल्या. शंभर वेढे झाले की ताटात एक हरभरा टाकायचा. हॉस्पिटलचा डबा मी पोचवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते दोघं तिथेच होते, बोटं कापलेली, ताटात हरभऱ्याची रांग. मध्ये एकदा वहिनींना डुलकी लागली आणि एक हरभरा टाकला की नाही ते आठवेना. भाऊंनी सगळी गुंडाळी उलगडली आणि पहिल्यापासून सुरू केलं. वहिनींना एक शब्द बोलले नाहीत. वहिनी मला म्हणाल्या, "रागावले असते तर बरं वाटलं असतं." मी म्हटलं, "मलाही."

नवव्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. हात पुढे केलेला, ओला. चेहरा मेलेला.

"वास गेला, ताई. सगळा गेला. संपलं सगळं."

"फ्यूज कुठे आहे?"

त्यांनी खिसा चाचपला. होता. मी नळी आणि ओटी घेऊन हौदापाशी गेले. पाणी भरलं, थेंब टाकले आणि या वेळी डोळे हलवले नाहीत. शेजारून भाऊ मोजायला लागले. "एक. दोन. तीन."

तीनला पाणी पिवळं झालं.

त्यांनी तरीही दहापर्यंत मोजलं. मग नळी माझ्या हातातून घेऊन उन्हात धरली. त्या गडबडीत थोडं पाणी माझ्या साडीवर सांडलं. मग हौदात हात बुडवून ते पुन्हा हुंगायला लागले. वास नव्हताच.

सुजाता घरी आली. विहिरीचं पाणी बंद झालं, नळाचं बादलीबादलीने भरू लागले. तेल बंद. पायरीवर उभं राहून ती म्हणाली, "पप्पा, फ्यूज." आणि उतरली.

यापुढचं चांगलं सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. गुडघा सरळ झाला, पण पुरता नाही. डॉक्टर म्हणाले, मधले आठवडे गेले त्याला आता इलाज नाही. सुजाताला कॅलिपर लागला, कमरेपासून टाचेपर्यंत, पट्ट्यांचा. तो घालून ती शाळेत गेली, कॉलेजात गेली. कॅलिपर आला त्या दिवशी भाऊंनी त्याचा लोखंडी भाग कारखान्यातल्या सायबाची परवानगी काढून प्लेटिंगला नेला. परत आला तेव्हा त्यात तोंड दिसत होतं. सुजाता म्हणाली, "आरसा केलात की, पप्पा."

हौद त्यांनी मोडला नाही. पाय आणखी आखडू नये म्हणून ती रोज पाण्यात चालायची, वर्षानुवर्षं. भाऊ रोज पहाटे फ्यूज बसवायचे आणि काढायचे. दर रविवारी मला बोलावून नळी पुढे करायचे. तपासायला ते स्वतः शिकले होते, पण थेंब मीच टाकायचे. मग ते मोठ्याने मोजायचे. एक, दोन, तीन, दहापर्यंत. रंग तीनलाच येऊन गेलेला असायचा. तरी दहा. ते मला टोमणा मारत नव्हते. तसा त्यांचा स्वभावच नव्हता. पण मी दर रविवारी तो टोमणा ऐकून घरी यायचे. प्रयोगशाळेत मी नव्या मुलींना चहाचा कप खाली ठेवायला लावायचे. त्या मला मागे 'दहा सेकंद बाई' म्हणायच्या.

सुजाता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा भाऊ गेले. कारखान्याच्या बसमध्ये, सकाळी, बसल्या जागी. शेजारच्या माणसाला वाटलं झोप लागली आहे. ओझरला उतरायची वेळ झाली तरी उठेनात.

तेराव्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. वहिनींनी त्यांच्या कपड्यांचं गाठोडं सोडलं. बसमधला शर्ट धुतलेला नव्हता. खिशातून कंगवा निघाला, बसचा पास निघाला आणि फ्यूज निघाला. म्हणजे त्या सकाळी सहाला त्यांनी तो काढला होता. सुजाता पाण्यात जाणार होती म्हणून.

वहिनींनी फ्यूज माझ्या हातावर ठेवला. मी तो सुजाताला दिला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, लहानपणी पाहायची तसं. मग म्हणाली, "मावशी, पाणी बघू या."

हौदावरची पोती तशीच अंथरलेली होती. आम्ही एक कोपरा उचलला. पाणी अजून हिरवं झालं नव्हतं, पण कडेला बोट लावलं की बुळबुळीत लागत होतं. तेरा दिवस वीज नव्हती. तपासायची गरज नव्हती, मला उत्तर माहीत होतं. तरी मी नळी भरली, थेंब टाकले. सुजाता कॅलिपरचा पाय लांब करून काठावर बसली आणि मोजायला लागली. बापासारखं, मोठ्याने, न घाई करता.

दहा झाले. पाणी पाण्याच्याच रंगाचं होतं.

मी नळी ओतायला गेले, तिने माझं मनगट धरलं.

"थांबा ना मावशी. थोड्या वेळाने येतं कधी कधी."

उशिरा आलेल्या रंगाला अर्थ नसतो, हे तिला माझ्याइतकंच पक्कं माहीत होतं. मी नळी उन्हात धरली आणि थांबले.